झूलॉजीतून कॅन्सर संशोधनाकडे: नांदेडच्या एका विद्यार्थिनीला उत्तर

प्रश्न असा आला आहे: "मॅडम, मी नांदेडला एमएस्सी झूलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दोन वर्षांपूर्वी माझे काका तोंडाच्या कॅन्सरने गेले. तेव्हाच ठरवलं, कॅन्सरवर संशोधन करायचं, औषध शोधायचं. पण सगळे म्हणतात त्याला बायोटेक लागतं, नाहीतर एमबीबीएस. घरचे बी.एड. कर म्हणून मागे लागलेत. झूलॉजीवालीला तिथे कोणी उभं करतं का? किती वर्षं जातात? पोटापुरतं मिळतं का?"

तुला 'तू' म्हणते, माझ्या विद्यार्थिनींना म्हणते तसंच.

उभं करतात. मी स्वतः झूलॉजीची. कराडला शाळा, कोल्हापूरला एमएस्सी, मग मुंबईत पीएचडी. माझ्या एमएस्सीच्या प्रॅक्टिकलच्या वह्यांत झुरळाची पचनसंस्था आणि कोंबडीच्या गर्भाच्या स्लाइड्स आहेत. पेशी बाटलीत वाढवतात हे मी पुस्तकात वाचलं होतं, बाटली पाहिली नव्हती. पहिल्या दिवशी लॅबमधल्या सीनियरने विचारलं, "हूडमध्ये काम केलंयस?" तेव्हा मला हूड म्हणजे नागाची फणा एवढंच माहीत होतं. (लॅबमधला हूड म्हणजे गाळलेल्या स्वच्छ हवेचं कपाट, पेशींचं काम त्यात करतात.) हे सांगते, कारण तुझी भीती मला ओळखीची आहे.

आपल्याकडे या विषयाचा पाया घालणाऱ्यांत कमल रणदिवे यांचं नाव येतं. पुण्याच्या समर्थ घराण्यातल्या, 1917 चा जन्म. वडील फर्ग्युसनमध्ये जीवशास्त्र शिकवायचे आणि मुलीने डॉक्टर व्हावं अशी त्यांची इच्छा होती. बाईंनी डॉक्टरकी केली नाही. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात एमएस्सी केलं, विषय सीताफळाच्या कुळातल्या वनस्पतींची गुणसूत्रं. सीताफळ! तिथून त्या मुंबईला आल्या, कॅन्सर संशोधक वसंत रामजी खानोलकरांच्या हाताखाली 1949 साली पीएचडी झाल्या, पुढे अमेरिकेत बाल्टिमोरला जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत पेशी वाढवायला शिकल्या. हेला नावाच्या पेशी, म्हणजे बाटलीत अखंड वाढत राहिलेल्या पहिल्या मानवी पेशी, पहिल्यांदा वाढल्या त्या याच गे यांच्याकडे, 1951 साली. परत येऊन त्यांनी परळला ऊतीसंवर्धनाची, म्हणजे शरीराबाहेर पेशी वाढवण्याची, प्रयोगशाळा उभी केली, ती देशातली पहिली. म्हणून कोणी 'झूलॉजी चालतं का' असं विचारलं की मी म्हणते, सीताफळ चाललं, तर तुझा बेडूक का चालू नये?

गंमत सोडून बोलते. झूलॉजीवालीकडे एक गोष्ट असते जी बायोटेकवाल्या मुलांकडे पुष्कळदा नसते, ती म्हणजे अख्ख्या प्राण्याची समज. त्यांना पीसीआर (डीएनएच्या प्रती काढायची पद्धत) झोपेत येतो, पण गर्भात पेशी कुठून कुठे सरकतात आणि कोणाच्या सांगण्यावरून थांबतात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं नसतं. कॅन्सर म्हणजे तेच सांगणं न ऐकणं. हेजहॉग नावाचं जनुक फळमाशीच्या अळ्यांत सापडलं, ते बिघडलं की अळीच्या अंगावर हेजहॉग या प्राण्यासारखे काटे दिसतात म्हणून ते नाव. त्या जनुकापासून निघणारा निरोप पेशीत पोचवणाऱ्या संदेशमार्गाला अडवणारं औषध 2012 पासून त्वचेच्या एका कॅन्सरवर वापरलं जातं. पेशी आपणहून कशी मरते हे तर एका मिलिमीटरभर कृमीवरून कळलं. त्याची वाढ होताना बरोबर 131 पेशी ठरलेल्या वेळी मरतात. त्या का मरतात हे मोजत बसलेल्या माणसांना 2002 साली नोबेल मिळालं. यातल्या कोणीही सकाळी उठून 'आज कॅन्सरवर काम करू' असं म्हटलं नव्हतं.

म्हणून तुझ्या वाक्यातला 'औषध शोधायचं' हा भाग जरा बाजूला ठेवू. काका गेले त्याचं दुःख मी हलकं करत नाही, पण त्या दुःखाच्या जोरावर पाच-सहा वर्षं लॅब चालत नाही. ल्युकेमियाच्या, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरच्या, एका प्रकारात एक गुणसूत्र आखूड दिसतं हे 1960 साली लक्षात आलं. ते आखूड का, तर त्याचा तुकडा दुसऱ्या गुणसूत्राशी अदलाबदल झालेला, हे जॅनेट राउली यांनी 1973 साली सांगितलं. त्यांनी गुणसूत्रांचे फोटो कात्रीने कापून घरच्या जेवणाच्या टेबलावर मांडले होते. त्या अदलाबदलीतून तयार होणाऱ्या प्रथिनाला अडवणारी गोळी बाजारात आली 2001 साली. एकेचाळीस वर्षं. या साखळीत आपली कडी नेमकी कुठे बसेल हे काम करताना कोणालाच दिसत नसतं. तुला कडी होणं चालणार असेल तर पुढचं वाच.

आता आत शिरायचं कसं. संशोधनाच्या फेलोशिपसाठीची सीएसआयआर-नेटची लाइफ सायन्सेसची परीक्षा, जून आणि डिसेंबर अशी वर्षातून दोनदा असते. एकूण 200 गुण: अ भाग 30, ब भाग 70, क भाग 100. अभ्यासक्रमात 13 घटक आहेत आणि सगळे करायला गेलीस तर एकही धड होणार नाही. क भागात 75 पैकी 25 प्रश्न सोडवायचे असतात, म्हणजे निवडीला भरपूर वाव आहे. पेशीजीवशास्त्र, रेणवीय जीवशास्त्र, पेशींमधला संवाद, आनुवंशिकी, गर्भविज्ञान आणि शेवटचा 'पद्धती' हा घटक, एवढं घट्ट कर. क भागात पाठांतर उपयोगी पडत नाही. एक आलेख नाहीतर पट्ट्यांचा फोटो देतात आणि यावरून काय म्हणता येईल, काय म्हणता येणार नाही असं विचारतात. क्लासच्या नोट्सपेक्षा एखाद्या शोधनिबंधातलं चित्र झाकून ठेवून 'मी असते तर कुठला कंट्रोल (तुलनेसाठीचा प्रयोग) घेतला असता' असं स्वतःला विचारत बसलीस तर जास्त कामाला येईल. डीबीटीची (केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची) बीईटी आणि आयसीएमआरची (वैद्यकीय संशोधन परिषदेची) जेआरएफ याही परीक्षा आहेत. तिन्ही दे. अभ्यास तोच, फी तेवढी वेगवेगळी.

पैशाचं विचारलंस ते बरं केलंस, चांगल्या घरची मुलं हे विचारायला लाजतात. जेआरएफला, म्हणजे ज्युनियर रिसर्च फेलोला, जानेवारी 2023 पासून महिना 37,000 रुपये मिळतात, दोन वर्षांनी एसआरएफ (सीनियर) झाल्यावर 42,000, शिवाय घरभाडं. मुंबई-पुण्यात यात एकट्या मुलीचं नीट भागतं, घरीही थोडं पाठवता येतं. मात्र ते दर महिन्याच्या एक तारखेला खात्यात येतीलच असं समजू नकोस. दोन-तीन महिन्यांचे एकदम येतात. पहिल्या वर्षी डिपॉझिट आणि मेसचे पैसे हाताशी असू देत. प्रोजेक्टवर लागलीस तर पगार कमी आणि प्रोजेक्ट संपला की नोकरीही संपते, पण नेट निघेपर्यंत हात शिकवायला ती जागा उत्तम. मीही एक वर्ष तसं काढलंय.

कुठे? खारघरचं ॲक्ट्रेक हे टाटा मेमोरियलचंच संशोधन केंद्र. परळची जुनी कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूट 2002 मध्ये तिथे गेली. पुण्याला विद्यापीठाच्या आवारात एनसीसीएस (राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र) आहे, देशभरच्या प्रयोगशाळांना सेल लाइन, म्हणजे बाटलीत पिढ्यान्‌पिढ्या वाढवलेल्या एकाच जातीच्या पेशी, पुरवणारं भांडार तिथेच आहे. आयसर आहे, मुंबईत टीआयएफआर आणि आयआयटी आहे. 2023 च्या ऑक्टोबरमध्ये मंजुरी मिळालेली पहिली देशी कार-टी पेशी उपचारपद्धती आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून आली. रुग्णाच्याच टी-पेशी (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) काढायच्या, त्यांना कॅन्सरची पेशी ओळखायला शिकवायचं आणि परत शरीरात सोडायच्या. त्या कामात डॉक्टर जितके होते तितकेच जीवशास्त्रवाले. मुंबईच्या बाहेर बंगळुरू, हैदराबाद, कोलकाता आहेच. भाषेची काळजी करू नकोस. लॅबमधली इंग्रजी चार महिन्यांत येते, कारण ती दोनशे शब्दांचीच असते.

संस्थेचं नाव बघून मुलं उड्या टाकतात. मी म्हणेन, गाईड बघ. विषय तर त्याच्याही नंतर. मुलाखतीआधी त्या लॅबमध्ये एक दिवस जाऊन बस आणि चौथ्या-पाचव्या वर्षाच्या मुलांबरोबर चहा पी. त्यांना तीन गोष्टी विचार: आधीची मुलं किती वर्षांत बाहेर पडली, सध्या कुठे आहेत, आणि प्रयोग फसला की सर किंवा मॅडम काय करतात. तिसऱ्या प्रश्नावर मुलं गप्प झाली, एकमेकांकडे बघू लागली, तर तो चहा संपव आणि गाडी पकड. पीएचडीला साधारण पाच ते सहा वर्षं लागतात. सहा वर्षं वाईट माणसाखाली काढलेल्या हुशार मुली मी पाहिल्यात, त्यांना नंतर मायक्रोस्कोप नकोसा होतो.

रोजचं काम कसं असतं ते कोणी सांगत नाही, म्हणून सांगते. ते बरंचसं स्वयंपाकघरासारखं आहे. सदतीस अंशांचा इनक्युबेटर, त्यात पाच टक्के कार्बन डायऑक्साइड, फ्लास्कमध्ये गुलाबी मीडिया, म्हणजे पेशींचं पातळ खाद्य. मीडिया पिवळा पडू लागला की पेशींना भूक लागली असं समजायचं. दर दोन-तीन दिवसांनी त्यांना खायला घालायचं, गर्दी झाली की सोडवून दुसऱ्या फ्लास्कमध्ये लावायच्या. पेशींना दिवाळी कळत नाही, त्यामुळे भाऊबीजेला सकाळी लॅबमध्ये जाऊन दुपारच्या गाडीने घरी जाणं हे आमच्याकडे सर्रास चालायचं. हात स्वच्छ आणि सवयी चोख असलेली माणसं इथे टिकतात. कोकणात पापड-लोणची निगुतीने घालणाऱ्या बायका मला कधीकधी आठवतात, एका ओल्या चमच्याने बरणी जाते हे ज्यांना कळतं त्यांना कल्चर, म्हणजे पेशी वाढवणं, कळतं.

माझी बरणी गेली होती. दुसऱ्या वर्षी एका मैत्रिणीच्या लॅबमधून पेशी आणल्या, तपासल्या नाहीत, वेगळ्या ठेवल्या नाहीत, सरळ आमच्या इनक्युबेटरमध्ये नेऊन ठेवल्या. त्यात मायकोप्लाझ्मा होता. हा जिवाणू मीडिया गढूळ करत नाही, त्याला पेशीभित्तिका नसते म्हणून पेनिसिलिन त्याचं काही करत नाही, आणि तो इतका लहान असतो की गाळणीतून निसटतो. पेशी मरत नाहीत, फक्त जरा वेगळ्या वागतात. मी त्या वेगळ्या वागण्याचे सात महिने आलेख काढले. लॅबच्या मीटिंगमध्ये टाळ्या घेतल्या. मग एका पोस्टडॉकने (पीएचडीनंतर संशोधन करणाऱ्याने) सहज डीएनएचा रंग लावून पाहिला, तर केंद्रकाबाहेर सगळीकडे चांदण्यासारखे ठिपके. सात महिने कचऱ्यात गेले, शिवाय लॅबमधल्या चौघांच्या पेशी माझ्यामुळे फेकाव्या लागल्या. गाईड रागावले नाहीत, त्यांनी फक्त इनक्युबेटर पुसायचं फडकं माझ्या हातात दिलं. त्या दिवसापासून आजपर्यंत माझ्या लॅबमध्ये नवी पेशी आली की आधी वेगळी ठेवायची, मायकोप्लाझ्मा तपासायचा, मग तिची डीएनए-ओळख पटवायची. ओळख पटवणं हा सोपस्कार समजू नकोस. एमडीए-एमबी-435 नावाची सेल लाइन जगभर वर्षानुवर्षं स्तनाच्या कॅन्सरची म्हणून वापरली गेली, आणि ती निघाली त्वचेच्या मेलॅनोमाची. त्यावर किती जणांच्या पीएचड्या झाल्या असतील याचा विचार मी झोपताना करत नाही.

पण मला बदलून टाकलं ते दुसऱ्याच गोष्टीने. माझा विषय होता ई-कॅडहेरिन. हे प्रथिन पेशींना एकमेकींना धरून ठेवतं. तोंडाच्या कॅन्सरमध्ये पेशी हा हात सोडतात आणि एकेकट्या निसटून पसरतात, अशी माझी मांडणी होती. बशीत ते छान दिसायचं. त्या प्रथिनाला अडवणारी अँटिबॉडी घातली की पेशी सुट्या व्हायच्या, थरावर ओढलेल्या ओरखड्यात एकेक करून शिरायच्या. मी खूश होते. तिसऱ्या वर्षी गाईडने मला हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजी विभागात पाठवलं, 'रुग्णांच्या ऊतींत हेच दाखव' म्हणून. तिथल्या एका ज्येष्ठ पॅथॉलॉजिस्ट बाईंनी माझं सगळं ऐकून घेतलं, एक गुलाबी-जांभळी स्लाइड मायक्रोस्कोपखाली सरकवली आणि म्हणाल्या, "तुझ्या पेशी एकट्या पळतात. माझ्या बघ, वारीला निघाल्यासारख्या चालल्यात." खरंच तसं होतं. गालाच्या स्नायूत शिरलेल्या पेशींच्या रांगा, जथे, हात धरलेले. कडेला कुठे कुठे सुट्या पेशी होत्या, पण मुख्य आक्रमण दिंडीचं. मी रंगवून पाहिलं तर मानेच्या लसिका-गाठीत पोचलेल्या पेशींतही ई-कॅडहेरिन बऱ्याच ठिकाणी शाबूत. तीन वर्षांची मांडणी एका दुपारी तिरकी झाली.

त्या रात्री हॉस्टेलवर रडले, ते सांगायला हरकत नाही. पण नंतरची सगळी कारकीर्द त्या स्लाइडवर उभी आहे. हात न सोडता पेशी पुढे कशा सरकतात, पुढची कोण आणि मागची कोण हे कसं ठरतं, हाच प्रश्न घेऊन मी पोस्टडॉकला बाहेर गेले आणि तोच घेऊन परत आले. म्हणून तुला सांगते, ज्या लॅबपासून हॉस्पिटल चालत जाण्याच्या अंतरावर आहे ती लॅब सोन्याची. आणि पॅथॉलॉजिस्टशी ओळख वाढव. डॉक्टर आपल्याला 'नॉन-क्लिनिकल' म्हणून थोडं खाली बघतात, कधीकधी बरंच. माझा उपाय साधा आहे: दर बुधवारी त्यांच्या बैठकीत मागच्या खुर्चीत बसायचं, तीन महिने तोंड उघडायचं नाही, चौथ्या महिन्यात एक चांगला प्रश्न विचारायचा.

तोंडाचा कॅन्सर घेतलास तर आपल्या मातीचा प्रश्न हाती येईल. पाश्चात्त्य देशांत अभ्यासलेल्या डोक्या-मानेच्या कॅन्सरमध्ये सिगारेट, दारू आणि विषाणू यांचा वाटा मोठा. आपल्याकडे तंबाखू चुन्याबरोबर मळून गालात धरतात, मिश्री लावतात, गुटखा खातात, त्यामुळे गाठ गाल आणि हिरडीच्या सांध्यात होते. या गाठीच्या जनुकांचा भारतीय गटाने केलेला अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला, तो शोधून वाच. खानोलकरांनी तर 1945 साली धोतराची गाठ कमरेला वर्षानुवर्षं घासून होणाऱ्या कॅन्सरवर लिहिलं होतं. प्रश्न आपल्या अंगणात असतात, ते दिसायला अंगण झाडावं लागतं.

कॉम्प्युटर शीक. आर किंवा पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषांपैकी एकच, पण नीट. अमेरिकेच्या टीसीजीए (कॅन्सर जीनोम ॲटलस) प्रकल्पाने 33 प्रकारच्या कॅन्सरच्या 11,000 हून अधिक रुग्णांची जनुकीय माहिती गोळा केली, तिचा मोठा भाग कोणालाही फुकट पाहता येतो. नांदेडला बसून, फ्रीजर नसताना, तू त्यावर खरा प्रश्न विचारू शकतेस. माझ्या काळी हे असतं तर मी निदान ते सात महिने तरी सत्कारणी लावले असते.

प्रयोगशाळेशिवायही वाटा आहेत आणि त्या कमी दर्जाच्या मानायचं कारण नाही. बार्शीला 1987 पासून ग्रामीण कॅन्सर नोंदणी चालते, गावागावांत जाऊन रुग्ण शोधले जातात. मुंबईच्या वस्त्यांमध्ये सुमारे दीड लाख स्त्रियांवर टाटा मेमोरियलने चाचणी केली. साध्या व्हिनेगरने गर्भाशयमुख तपासून त्या कॅन्सरने होणारे मृत्यू 31 टक्क्यांनी कमी झाले. ती तपासणी केली थोडं प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी. माझ्या उभ्या आयुष्यातल्या शोधनिबंधांनी एवढे जीव वाचवलेले नाहीत, हे मी हसत हसत कबूल करते.

घरच्यांचं. बी.एड.ला नाही म्हणून भांडू नकोस. 'नेटचे दोन प्रयत्न द्या, नाही निघालं तर बी.एड. करते' असं सांग, तारीख लिहून दे. मुदत घातली की वडील मंडळी ऐकतात, निदान माझे ऐकले. लग्नाचा विषय पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी येतो, तेव्हा लिही, त्याचं उत्तर इतकं लांब नसेल.

आत्ता करायचं ते एवढंच. विज्ञान अकादमींची उन्हाळी फेलोशिप असते, दोन महिन्यांची, तिचा अर्ज भर. शेवटच्या सत्राच्या डिझर्टेशनसाठी (प्रबंधासाठी) पाच जणांना ईमेल पाठव, पण प्रत्येकाला वेगळी. 'मला कॅन्सर संशोधनाची आवड आहे' हे वाक्य आलं की मी पुढे वाचत नाही. त्यांचा एक शोधनिबंध वाचून त्यातली न कळलेली एक गोष्ट विचार. पाचांतले दोघे उत्तर देतील.

आणि काकूंना विचारून, त्यांना चालणार असेल तरच, काकांच्या ऑपरेशननंतरचा पॅथॉलॉजीचा रिपोर्ट बघ. दोन पानांचा असेल. त्यात गाठीचं माप असेल, ती किती मिलिमीटर खोल गेली ते असेल, मानेतल्या किती लसिका-गाठींपैकी किती बाधित ते असेल. कदाचित 'वर्स्ट पॅटर्न ऑफ इन्व्हेजन' (पेशी आत शिरण्याची सगळ्यात वाईट तऱ्हा) असं लिहून पुढे एक आकडा असेल. त्या बाईंनी मला स्लाइडवर दाखवलेली दिंडी ती हीच, आकड्यात मांडलेली. रिपोर्टमधल्या ज्या शब्दापाशी तू अडशील, तो मला कळव.